शेवटच्या शिट्टीआधी

पहिली शिट्टी

वाजली. कुणी हललं नाही.

खरं तर शिट्टी वाजायचीच नव्हती, भोंगा वाजायचा होता. भोंगा प्रत्येक मजल्यावर आहे, लाल, शेजारी काचेच्या डबीत बटण. पण टिपणिसांनी बटण दाबलं तेव्हा ते आत गेलं आणि आतच राहिलं. अनिरुद्ध टिपणीस हे स्नेहांगण सोसायटीच्या आपत्ती समितीचे प्रमुख. समितीत ते एकटेच आहेत, पण नारिंगी जाकीट आल्यापासून स्वतःला 'आम्ही' म्हणतात. आम्ही शिट्टीची पर्यायी व्यवस्था ठेवलेली आहे, असं त्यांनी फायर ऑडिटला आलेल्या दर्शना मॅडमना सांगितलं आणि तळमजल्यावर उभं राहून गाल फुगवून शिट्टी फुंकली. पहिल्या मजल्यावरच्यांना वाटलं, कुणीतरी गाडी मागे घेतंय.

मग सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा आवाज आला.

— लक्ष द्या. इमारतीला आग लागलेली आहे. म्हणजे लागलेली नाही. सराव आहे. कृपया लिफ्ट न वापरता यावे. आठव्या मजल्यावर चहा आणि बटाटेवडे आहेत.

आता मात्र दारं उघडली.

बाराव्या मजल्यावरचं एक दार आधीपासूनच उघडं होतं. त्यात नाना उभे होते. पायात बूट, खिशात किल्ली, अंगात नवरदेवासारखा इस्त्रीचा शर्ट. सराव रविवारी सकाळी अकरा वाजता आहे हे सगळ्या घाटकोपरला ठाऊक होतं, पण घाम फुटलेला माणूस एकच होता.

पहिल्या शिट्टीआधी

घाम का, ते सांगायला मागे जावं लागेल. फार नाही, पंधरवडाभर.

नाना म्हणजे माणिक साळवे. रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर पाट्या रंगवल्या. आता अठ्ठ्याहत्तरीला बाराव्या मजल्यावर एकटे राहतात आणि उजव्या गुडघ्याशी त्यांचं पटत नाही. मुलगी मीरा पुण्याला, वाकडला असते, बँकेत आहे. ती मागच्या खेपेला आली तेव्हा लिफ्ट बंद होती. ती सामान घेऊन बारा मजले चढली आणि दार उघडल्यावर धापा टाकत पहिलं वाक्य बोलली ते असं की नाना, आग लागली तर तुम्ही काय कराल.

नाना म्हणाले, आधी पाणी पी.

पण विषय बुडाला नाही. मीराचं म्हणणं, वाकडला चला, पहिला मजला आहे, खाली बाग आहे. नाना त्या बागेत महिनाभर बसून आले होते. तिथे फाटकावरचा माणूस रोज नाव विचारायचा आणि रोज नव्याने आनंदित व्हायचा. घरात मुलगी-जावई दोघंही कानाला हेडफोन लावून बसत, त्यामुळे चहा हवा का हे नानांना खुणांनी विचारावं लागे. महिनाभरात त्यांच्या खुणा सुधारल्या, बोलणं बिघडलं. इथे पंतनगरात त्यांना कॅरम होता, पलीकडे खाडी दिसत होती आणि शेजारी वसुधा परब होत्या. वसुधाताई त्यांना गेली चाळीसएक वर्षं टोमणे मारत आल्या होत्या, जुन्या तीन मजली बिल्डिंगपासून.

बोलून बोलून दोघंही थकल्यावर मीराने सौदा मांडला.

"सोसायटीचं ड्रिल आहे ना? त्यात स्वतःच्या पायांनी, कुणाचाही हात न धरता, शेवटच्या शिट्टीआधी आठव्या मजल्यावर पोचा. मी येईन बघायला. पोचलात तर पुन्हा वाकडचं नाव काढणार नाही."

"आणि नाही पोचलो तर?"

"तर त्याच संध्याकाळी बॅग भरायची."

नानांनी हात पुढे केला. मीराने तो धरला आणि लगेच सोडून म्हणाली, हा शेवटचा हात.

आता आठवा मजला. उंच इमारतीत एक मजला मोकळा ठेवावा लागतो. आग लागली की वरच्यांनी तिथे येऊन बंबवाल्यांची वाट बघायची; खालच्यांनी सरळ खाली जायचं. पण पंतनगरातल्या जुन्या बिल्डिंगी पाडून टॉवर झाले तेव्हा लोकांना खोल्या मिळाल्या, अंगण मिळालं नाही. ते त्यांना आठव्या मजल्यावर सापडलं. पापड तिथेच वाळले, बारशी तिथेच झाली. श्रावणात सत्यनारायण, वैशाखी पौर्णिमेला बुद्धवंदना, एरवी कॅरम. पहिल्याच वर्षी कुणीतरी चिखलाच्या बुटांनी वंदनेच्या पांढऱ्या चादरीवरून चालत गेलं. दुसऱ्या दिवशी नानांनी ब्रश काढला आणि मजल्याच्या जाड लोखंडी दाराशेजारी पाटी लटकवली.

*चपला बाहेर काढाव्यात.*

निळ्यावर पांढरं अक्षर, वेलांट्या अशा की बघणाऱ्याने आपोआप पाठ ताठ करावी. सोसायटीत पाट्या पुष्कळ आहेत. थुंकू नये, सायकल लावू नये, कबुतरांना दाणे घालू नयेत. एकही कुणी पाळत नाही. नानांची पाळतात.

पंधरवडाभर वसुधाताईंनी नानांचा सराव घेतला, दुपारी, जिन्यात शुकशुकाट असताना. त्या देवगडच्या, त्यामुळे पद्धत खेकड्याची. डावा हात कठड्याला, तोंड भिंतीकडे, आडवं-आडवं उतरायचं. शिवाय वाटेत थांबे होते. अकराव्यावर कुणाचं तरी बुटांचं कपाट होतं, त्याला टेकायचं. दहाव्यावर टिपणिसांचं बंद पडलेलं वॉशिंग मशीन, त्यावर चक्क बसायचं. नवव्यावर गणपतीचं थर्माकोलचं मखर आणि मखरात प्लास्टिकची खुर्ची. नाना खुर्चीत बसले की मखरात छान दिसत. वसुधाताई हात जोडत आणि म्हणत, गणपतीपेक्षा तुमीच बरे, विसर्जनाचो त्रास नाय.

थांबे धरून नाना झकास उतरत होते. पैज खिशात होती.

पहिली शिट्टी, पुन्हा

कारण पहिली कुणी धरलीच नाही.

या वेळी टिपणीस शिट्टी फुंकत मजल्यामजल्यावरून गेले. खालच्या मजल्यांवरची माणसं बाहेर आली आणि वर निघाली. तुम्ही खाली जायचंय, दर्शना मॅडम सांगत होत्या, खाली, इमारतीच्या बाहेर. वडे वर आहेत, असं लोकांनी त्यांना समजावलं. लिफ्टमधूनही माणसं बाहेर पडत होती. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते, मॅडम म्हणाल्या. म्हणून तर आधीच आलो, असं उत्तर मिळालं. मॅडमनी लिफ्टच बंद करायला लावली.

नाना जिन्यात उतरले. आडवं पाऊल, दुसरं आडवं पाऊल, भिंत, कठडा, गुडघा कुरकुरला, अकराव्याचं वळण आलं आणि टेकायला त्यांनी हात मागे नेला तर तिथे

— लक्ष द्या. सर्व जिने अडथळामुक्त केल्याबद्दल समिती सभासदांचे आभार मानते.

काही नव्हतं.

कपाट नव्हतं. नानांनी खाली वाकून बघितलं. दहाव्यावरचं वॉशिंग मशीन गेलेलं. ऑडिटवाल्या मॅडम येणार म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी जिना मोकळा केला होता. वर्षानुवर्षं नोटिसा काढून जो जिना मोकळा झाला नाही, तो बरोब्बर आज, एका दिवसापुरता, नियमाप्रमाणे लख्ख होता. पुस्तकात दाखवतात तसा. त्यात धरण्यासारखी एकही वस्तू उरली नव्हती.

"वाट लागली," नाना म्हणाले.

मागून वसुधाताई आल्या. त्यांनी जिना बघितला, नानांना बघितलं, आणि परत वर गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्वैपाकघरातलं लाकडी स्टूल होतं. त्या नानांच्या पुढे उतरल्या, अकराव्याच्या कोपऱ्यात स्टूल ठेवलं आणि पदराने पुसलं.

"हे चालेल का?" नानांनी विचारलं.

"हात धरायचा नाही असं ठरलंय. स्टुलाबद्दल कायएक बोलणं झालेलं नाही. बसा."

नाना बसले. आणि मग तशी मिरवणूकच निघाली. पुढे डोक्यावर स्टूल घेतलेल्या वसुधाताई, मागे खेकड्याच्या चालीने नाना. वळणावर स्टूल खाली, नाना वर, नाना खाली, स्टूल वर. वाटेत माणसं ओलांडून जात होती. सराव असल्यामुळे सगळी आवरून आली होती. गॅस बंद केला, दूध फ्रिजमध्ये ठेवलं, कुलूप लावलं, लावलं का ते बघायला परत गेलो, असं एकमेकांना सांगत चालली होती. एका बाईंनी आगीतून बाहेर पडताना सोबत काय घ्यावं याचा विचार करून पाण्याचं बिल घेतलं होतं. त्याची शेवटची तारीख होती.

दहाव्यावर टिपणिसांचं दार सताड उघडं होतं आणि आतून तळणाचा धूर येत होता. आमच्याकडे धुराने कुणी दचकत नाही. धूर आला की लोक म्हणतात डम्पिंगवरच्या जळत्या कचऱ्याचा असेल, आणि खिडकी लावतात. सुगंधा टिपणीस झारा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी नानांपुढे अर्धा वडा धरला. मीठ बघा म्हणाल्या. पन्नास माणसांचा अंदाज त्यांना एकटीला येत नव्हता. नाना स्टुलावर बसून, जीव मुठीत धरून, वडा चावत होते. मीठ बेताचं होतं. एवढा घाणा काढते आणि येतेच, असं सांगून सुगंधाताई आत गेल्या.

दुसरी शिट्टी

ही वाजली तेव्हा नाना नवव्या मजल्यावर होते आणि त्यांना पुढे जाताच येईना.

दुसऱ्या शिट्टीचा अर्थ, धूर जिन्यात शिरलाय, आत या. तिसरी ती शेवटची. ती वाजली की दार बंद. जो बाहेर तो गेला.

जिन्यात रांग होती. आठव्या मजल्याच्या लोखंडी दारापासून नवव्यापर्यंत, शिस्तीत, न ढकलता. आग लागलेल्या इमारतीतून सुटका करून घ्यायला आलेली माणसं इतकी निवांत उभी असलेली दर्शना मॅडमनी आजवर बघितली नव्हती. त्यांना वाटलं दार अडकलंय. त्या दाराशी आल्या आणि बघतच राहिल्या.

दार उघडंच होतं. लोक चपला काढत होते.

एक जण वाकायचा, पट्टा सोडायचा, चपला भिंतीशी लावायचा, जोडी नीट करायचा, आत जायचा. मग दुसरा. बूटवाले एका पायावर उभे राहून नाडी सोडत. भिंतीशी जागा संपली तशा चपला दाराच्या पुढ्यात आल्या, मग उंबऱ्यावर, मग एकीवर एक. दार आता पूर्ण मिटलं नसतं. एक आजोबा दुसऱ्यांच्या जोड्या सरळ करत बसले होते. आत आलेली सगळी अनवाणी होती. टिपणीस अनवाणी होते, अंगात नारिंगी जाकीट. आणि खिडकीजवळ उभी राहून दाराकडे डोळे लावलेली मीरासुद्धा अनवाणी होती. पहाटेच्या बसने आग, जिने, धूर यांच्या चिंतेत आलेली मीरा दाराशी पोचली, तेव्हा तिच्या पायांनी तिला न विचारता सँडल काढल्या होत्या. बुटात एकट्या दर्शना मॅडम होत्या आणि त्यांना आतापर्यंत दोघांनी हटकलं होतं.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकली. नाना दारापर्यंत पोचले. पुढे उंबरा, उंबऱ्यापलीकडे मीरा. वर पाटी.

नानांना वाकता येत नाही. बूट मीरानेच घेऊन दिलेले, गुडघ्यासाठी चांगले म्हणून, लांब नाड्यांचे. सकाळी ते वसुधाताईंनी बांधून दिले होते आणि वाटेत सुटू नयेत म्हणून गाठीवर गाठ मारली होती. वसुधाताई आता खाली बसून ती सोडवू लागल्या. त्यांचे वडील होडी बांधत त्या गाठीने. ती समुद्राने सुटत नाही.

"धूर इथपर्यंत आला असता," दर्शना मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या आणि त्यांनी हात वर केला. हात खाली आला की शिट्टी. टिपणिसांनी शिट्टी ओठांत धरली.

नानांनी पाटीकडे बघितलं. आयुष्यभर त्यांनी धोक्याच्या पाट्या रंगवल्या होत्या, विजेच्या, फाटकांच्या, कवटीच्या खाली दोन हाडांच्या. ही त्यांनी धोक्यात धरली नव्हती.

"ही पाटी कुणाची?" मॅडमनी विचारलं.

रांगेतल्या माना नानांकडे वळल्या.

"माझी," नाना म्हणाले.

"अक्षर फार सुंदर आहे. पण हिच्यामुळे माणसं मरतील."

सौद्याप्रमाणे मीराने नुसतं उभं राहायचं होतं. मॅडमचा हात हवेत होता, टिपणिसांची शिट्टी ओठांत होती, तिने अजून चार श्वास कळ काढली असती तर संध्याकाळी बॅग भरली गेली असती. तिच्याच्याने ती कळ निघाली नाही.

"नाना, या ना आत."

"पायात बूट आहेत."

"असू देत. या."

नानांनी हात वर नेला आणि खिळ्यावरची पाटी फिरवली. मागची बाजू कोरी, निळी. मग रांगेकडे वळून ते म्हणाले, चला, घालूनच या सगळे.

रांग हलली नाही. पाटी फिरली म्हणून सवय फिरत नाही. सगळे नानांच्या बुटांकडे बघत होते. ज्याने नियम केला त्याने आधी मोडावा, असं कुणी म्हणालं नाही, पण जिन्यात तेच वाक्य उभं होतं.

"स्टूल देऊ?" वसुधाताईंनी हळूच विचारलं.

"नको."

नानांनी उजवा पाय उचलला, गुडघा आतल्या आत करकरला, बूट चपलांच्या ढिगावरून पलीकडे गेला आणि स्वच्छ फरशीवर टेकला. मग डावा. फरशीवर धुळीचे दोन ठसे उमटले. खरोखर काहीच झालं नाही. छत जागेवर होतं. मागून रांग भसकन आत शिरली, चपलांसकट, आणि लोक एकमेकांच्या पायांकडे बघून हसू लागले, लग्नात पंक्तीत चुकून आधी बसल्यासारखे.

टिपणिसांनी छातीत हवा भरली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा हात अजून वरच होता, दुसऱ्या हाताने त्या माणसं मोजत होत्या. "सगळे आत आल्याशिवाय शेवटची शिट्टी नाही. दहावा मजला. एक कमी आहे."

टिपणिसांनी शिट्टी ओठांतून काढली. आमच्या मिसेस, ते म्हणाले. 'आमच्या' या शब्दाचा त्यांनी दिवसातला हा एकच बरोबर वापर केला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अहो, तेल तापलंय," सुगंधाताई म्हणाल्या. "असं टाकून कशी येऊ? आग लागेल."

दर्शना मॅडमनी हात सावकाश खाली घेतला. शिट्टी वाजवू नका हं, त्या दमून म्हणाल्या, आणि वसुधाताईंच्या स्टुलावर बसल्या.

शेवटची शिट्टी

वाजली नाही.

सुगंधाताई आल्या तेव्हा त्यांच्या हातात वड्यांचं पातेलं होतं, आणि पातेलं बघितल्यावर कुणाला शिट्टी आठवेल. टिपणिसांना तर नाहीच. त्यांनी ती जाकिटाच्या खिशात ठेवली आणि चटणी वाढायला घेतली. दर्शना मॅडमनी दोन वडे खाल्ले आणि जाताना सांगितलं, सराव नापास, पुन्हा घ्यावा लागेल. लोकांनी विचारलं, पुढच्या वेळी भजी ठेवली तर चालतील का.

वसुधाताई मीराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. पोरगीच फुटली हो शेवटी, त्या हवेला म्हणाल्या.

"फुटले नाही," मीरा म्हणाली. "अजून एक आहे. नाना, उतरलात. आता चढणार कसे?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लिफ्ट बंद होती. ती सुरू करणारा माणूस गोरेगावला होता आणि संध्याकाळी येतो म्हणत होता. नानांनी थोडा विचार केला, म्हणजे विचार केल्यासारखं केलं, आणि म्हणाले, मग इथेच बसावं लागेल. कॅरम आहेच. असं म्हणून ते बुटांसकट कॅरमवर जाऊन बसले. त्यांना एवढं आनंदात अडकलेलं मीराने पूर्वी बघितलं नव्हतं.

ती स्वतःही जाऊ शकत नव्हती. ढिगात तिच्या सँडल नव्हत्या. कुणीतरी घालून गेलं होतं. त्या जागी डाव्या पायाच्या दोन चपला उरल्या होत्या. लिफ्ट येईपर्यंत ती नानांच्या समोर बसली, तीन डाव हरली, आणि तिसऱ्या डावात क्वीन घेताना नाना जे बोलले ते वाकडच्या बागेत महिनाभरात बोलले होते त्यापेक्षा जास्त होतं.

मधेच नानांनी पाटी खाली काढायला लावली, वरून रंगाचा डबा मागवला. कोऱ्या बाजूला काय लिहायचं यावर वाद झाले. टिपणीस म्हणाले, 'पादत्राणे परिधान करूनच प्रवेश करावा'. वसुधाताई म्हणाल्या, गप ऱ्हवा. शेवटी ठरलं की खिळा तोच ठेवायचा. रोज जुनी बाजू, भोंगा वाजला की नवी. भोंगा वाजत नाही, असं कुणीतरी म्हणालं. मग नाना म्हणाले, दारात काही ठेवायचंच नाही, लिहायचं 'चपला आतल्या भिंतीशी'. मीराने पाटी दोन्ही हातांनी धरली आणि नानांनी पहिलं अक्षर काढायला घेतलं. 'च'. त्याचा काना असा सरळ उतरला की कॅरम थांबवून लोक बघायला आले.

तेवढ्यात टिपणिसांचा हात जाकिटाच्या खिशात गेला.

"अरे, शेवटची शिट्टी राहिली की," ते म्हणाले आणि त्यांनी ती ओठांना लावली.

"नको," मीरा म्हणाली. पाटीवरून मान वर न करता.

"पण त्याशिवाय ड्रिल संपत नाही."

"मग नको संपू दे."

टिपणिसांनी दर्शना मॅडमना शोधलं. त्या गेल्या होत्या. नियमात यावर काही आहे का ते त्यांना आठवेना. त्यांनी शिट्टी खिशात टाकली आणि उरलेले वडे कुणाकडे द्यायचे ते बघायला गेले.

नाना पुढच्या अक्षराच्या वळणाशी होते. ब्रश उचलून त्यांनी मीराला सांगितलं, पाटी हलवू नकोस.